कातडीवरचा मार्कर, आतले हाड

उभे राहून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा चाचपा आणि नेमका त्यावर पेनाने ठिपका काढा. आता खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा आणि उंचवटा पुन्हा शोधा. ठिपका त्याच्यावरून सरकलेला दिसेल. माणसाची चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळांची जुनी डोकेदुखी ती हीच.

या प्रयोगशाळांत पायावर जागोजागी चकाकणारे छोटे गोळे, म्हणजे मार्कर, चिकटवतात. भोवतालचे इन्फ्रारेड कॅमेरे ते टिपतात आणि त्यांच्या जागांवरून संगणक सांध्यांचे कोन काढतो. कॅमेऱ्यांची नजर अतिशय तीक्ष्ण; पण ते पाहतात कातडी, आणि संशोधकाला हवे असते हाड. दोहोंच्या मध्ये स्नायू आवळतात, चरबी थलथलते. नडगीपेक्षा मांडीवर हा घोळ जास्त.

हाडाची खरी हालचाल कळावी म्हणून कॅलिफोर्नियात लेव्हन्स, इनमन आणि ब्लॉसर यांनी स्वयंसेवकांच्या हाडांतच पिना बसवून त्यांना चालवले. हा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९७ मध्ये राइनश्मिट आणि सहकाऱ्यांनी मोजक्या धावपटूंच्या हाडांतल्या पिना आणि कातडीवरचे मार्कर यांची थेट तुलना केली. गुडघा वाकण्याच्या मापातली सरासरी चूक एकूण हालचालीच्या २१ टक्के निघाली. पाय आत-बाहेर वळण्याच्या मापात ६३, तर बाजूला झुकण्याच्या मापात ७० टक्के. कारण उघड आहे. गुडघा वाकतो भरपूर, वळतो आणि झुकतो मात्र जेमतेम काही अंश. कातडीची सरक त्या इवल्या हालचालींना गिळून टाकते.

कॅमेऱ्याच्या मापातली बारीक थरथर गणिताने गाळता येते, कारण ती पावलांपेक्षा कितीतरी जलद असते. कातडी मात्र पावलांच्याच तालात सरकते, त्यामुळे तिला वेगळे काढता येत नाही. शिवाय एकाच माणसात ती दर पावलाला साधारण तशीच सरकते. म्हणून मोजमाप पुन्हा केले तरी आकडे जुळतात, आणि जुळणारे आकडे खरे वाटू लागतात. पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ निदान मनातल्या मनात दुरुस्त करता येते. इथे चूक माणसागणिक आणि हालचालीगणिक बदलते.

उपाय आहेत, पण अर्धेमुर्धे. एका भागावर अनेक मार्कर लावून सरासरी काढतात. लू आणि ओकॉनर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळा पाय सांध्यांनी जोडलेली एकच साखळी मानतात, म्हणजे हाडे सांध्यातून निखळल्यासारखी अशक्य उत्तरे येत नाहीत. चालत्या पायाची क्ष-किरण चित्रफीत हाड थेट दाखवते, पण किरणोत्सर्ग होतो आणि चौकटीत जेमतेम एखादा सांधा मावतो.

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाचे पिळलेले मांडीचे हाड शस्त्रक्रियेने सरळ करायचे की नाही, हे ठरवताना चालीचे आलेख पाहतात. नेमका तिथे प्रश्न वळण्याचा असतो, म्हणजे कच्च्या मापाचा. म्हणूनच अनुभवी शल्यचिकित्सक एकट्या आलेखावर विसंबत नाहीत. मुलाला तपासतात, गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात आणि मगच निर्णय घेतात.