एका घरात दोन कारभारी

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले काठी हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः तेथील राजवाडी होळीमुळे ठाऊक आहे. परंतु जुन्या दफ्तरांत डोकावण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हेही स्मरत असेल की, इंग्रजी अमदानीत खानदेशातील मेवाशी संस्थानांत काठीची गणना होत असे, आणि आपल्या हद्दीतला कारभार संस्थानिकाने पाहावा, वरिष्ठ सरकारशी येणारा संबंध मात्र खानदेशच्या कलेक्टराच्या, म्हणजेच पोलिटिकल एजंटाच्या मार्फत राहावा, अशी तेथील अंमलाची वाटणी होती. ही वाटणी आज आठवण्याचे कारण राजकीय नसून अगदी घरगुती आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या राउटरमागे स्वतःची, अनेक केंद्रांची वाय-फायची जाळी, म्हणजे ‘मेश’, जो गृहस्थ उभारू पाहतो, त्याच्यापुढेही हाच प्रश्न येतो की, बाहेरचा कारभारी कोण आणि आतला कोण.

जाळीची गरज का पडते, हे डोंगरात लवकर उमगते. काठीच्या परिसरात वस्ती म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरे नव्हेत. एक घर या उतारावर, दुसरे पलीकडच्या टेकाडावर, असे पाडे विखुरलेले असतात. मातीने लिंपलेल्या बांबूच्या कुडातून बिनतारी लहरी फारशी कुरकुर न करता पार होतात. परंतु पत्र्यावर आपटून त्या माघारी फिरतात, काँक्रीटच्या भिंतींत त्यांचे बळ झडते, आणि डोंगराआड तर त्यांचा काही इलाजच चालत नाही. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना प्रकाशतंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची आहे. तेथून पाड्यापर्यंतचे अंतर मागे उरतेच. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पातून हेच उरलेले अंतर बिनतारी दुव्यांनी ओलांडून दाखवले, आणि २०१७ साली मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या प्रकल्पाचा गौरव झाला. पडवीत नेट धावते आणि माजघरात रेंज नाही, ही आपली अडचण त्याहून पुष्कळ लहान असली तरी जातीने तीच आहे.

कंपनीचा माणूस जो डबा भिंतीवर ठोकून जातो, त्याच्या पोटात बहुधा तीन कचेऱ्या एकत्र नांदत असतात. पहिली कचेरी तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करते. दुसरी घरातल्या प्रत्येक यंत्राला अंतर्गत पत्ता नेमून देते, सर्वांचा पत्रव्यवहार एकाच बाह्य पत्त्याच्या शिक्क्याखाली रवाना करते, आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचते करते. तिसरी वाय-फायच्या लहरी सोडते. मेशचे मुख्य केंद्र यांपैकी शेवटची दोन्ही कामे करण्यास समर्थ असते, आणि खोक्यातून काढून तारेने जोडताच बहुतेक वेळा, कोणी न सांगता, ती करूही लागते. परिणामी एकाच वाटेवर दोन जकातनाके बसतात. वर्तमानपत्र वाचण्यात किंवा चित्रपट पाहण्यात याने सहसा काही बिघडत नाही, म्हणूनच हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. परंतु परगावाहून घरचा कॅमेरा पाहायचा म्हटला, मुलांनी मित्रांशी जोडून खेळ मांडला, किंवा कंपनीच्या डब्याला जोडलेला प्रिंटर नव्या वाय-फायवरून शोधू गेले, की एका नाक्याचा परवाना दुसरा नाका मानीत नाही. त्यातही दोघांनी पत्त्यांची एकच मालिका वाटण्यास घेतली असेल, तर घोटाळ्याला पारावार राहत नाही.

यावर उपाय दोन, आणि त्यांतला एकच निवडावयाचा असतो. पहिला असा की, मेशच्या ॲपमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडून पत्ते वाटण्याची सत्ता कंपनीच्या डब्याकडेच राहू द्यावी, आणि जाळीने केवळ लहरी पसरवाव्यात. यात मुलांच्या वापरावर वेळेचे बंधन घालण्यासारख्या मेशच्या काही सोयी गमवाव्या लागतात, पण चुकण्यास जागा थोडी. दुसरा असा की, कंपनीचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये घालून त्याच्याकडे केवळ प्रकाशाच्या रूपांतराची पहिली कचेरी ठेवावी आणि बाकीचा कारभार मेशकडे सोपवावा. यासाठी जोडणीचे वापरनाव व पासवर्ड बहुधा कंपनीकडून मागून घ्यावे लागतात, आणि त्याच डब्यावर घरचा फोन चालत असेल तर तो बंद पडेल काय, हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. ज्याला खास गरज नाही, त्याने पहिलाच मार्ग धरावा.

कोणताही मार्ग घेतला तरी कंपनीच्या डब्याचे वाय-फाय बंद करण्यास विसरू नये. नाहीतर मोबाइल सवयीने त्या जुन्या, क्षीण नावालाच चिकटून बसतो आणि दोष नव्या जाळीच्या माथी येतो. मग उरतो जागेचा विचार. डोंगरात हाक पुढे पोचवायची, तर मधला माणूस अशा ठिकाणी उभा असावा लागतो की, जेथे मागची हाक त्याला स्वच्छ ऐकू येते. जेथे काहीच ऐकू येत नाही, तेथे उभा केलेला निरोप्या पुढे काय सांगणार? म्हणून दुसरे केंद्र रेंज नसलेल्या खोलीत न ठेवता, तिच्या आणि मुख्य केंद्राच्या अधल्यामधल्या जागी, कपाटाबाहेर आणि पत्र्यापासून दूर ठेवावे. एकाच लहरीवर ऐकणे आणि सांगणे दोन्ही करणाऱ्या केंद्राचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. सबब घर बांधतानाच भिंतीतून केबल टाकून केंद्रे तिने जोडता आली, तर त्याहून चांगले काही नाही, आणि शंभर मीटरपर्यंत ही केबल इमानाने काम करते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे डबा आणि मुख्य केंद्र ही दोन्ही राउटरसाठी मिळणाऱ्या लहानशा यूपीएसवर असावीत. एकाला वीज आणि दुसऱ्याला अंधार, अशा व्यवस्थेत नेट चालत नाही.

शेवटी एक विनंती. कोणता मार्ग निवडला, वापरनाव काय, पासवर्ड कोणता, हे एका कागदावर लिहून तो घरात सुरक्षित जागी ठेवावा. कधीतरी कंपनीचा माणूस दुरुस्तीला येतो, डब्याचे रीसेटचे बटण दाबून निघून जातो, आणि मोडलेला नाका त्या क्षणी पुन्हा उभा राहतो. त्या दिवशी तो कागदच कामास येईल.