आजची समिधा : विद्यार्थी आणि मार्गदर्शक

उपनिषदकाळी ज्ञानार्थी शिष्य हाती समिधा घेऊन गुरूकडे जात असे. रिकाम्या हाताने जाऊ नये, हा त्यामागील संकेत. 2019 साली आपल्या देशात क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. आज अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे लहान गट करून ते एकेका अध्यापकाकडे सोपविले जातात. परंतु यादीत नाव लागले म्हणजे नाते जुळले, असे होत नाही. ते जुळविण्याचा मोठा भाग विद्यार्थ्याच्याच हाती असतो.

या संदर्भात एडवर्ड जेन्नर यांचे उदाहरण उद्बोधक आहे. 1770 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते लंडनचे विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांच्या घरी राहून शिकू लागले. शिक्षण संपताच जेन्नर आपल्या बर्कली गावी परतले. पण 1793 मध्ये हंटर यांचे निधन होईपर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. हंटर साळिंदरासारख्या काटेरी, हिवाळाभर निद्रिस्त राहणाऱ्या ‘हेजहॉग’ प्राण्याचे तापमान मोजावयास सांगत आणि जेन्नर निरीक्षणे कळवीत. 1775 मधील एका पत्रात हंटर यांनी त्यांना बजावले की, नुसता विचार करीत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहावा. कोकिळाकुलातील कुक्कू पक्ष्याविषयीचा जेन्नर यांचा निबंध हंटर यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपानेच 1788 साली रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष पडताळून पाहण्याची हीच सवय 1796 मधील देवीच्या लसीच्या प्रयोगात दिसते.

हे नाते टिकले, कारण शिष्य प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन गुरूपुढे येत होता. आजच्या विद्यार्थ्याची समिधा म्हणजे पूर्वतयारी. ‘सर, मी काय करू?’ या प्रश्नाला उपदेशापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘या रुग्णाच्या धापेचे कारण मी हृदयविकार मानले, वरिष्ठांनी दमा म्हटले, माझे तपासणीत काय सुटले?’ या प्रश्नाने खरे शिक्षण सुरू होते. भेटीनंतर मुद्दे टिपून ठेवावेत आणि पुढील भेटीत, सांगितल्यापैकी काय केले व काय जमले नाही, हे आपण होऊन सांगावे. अध्यापकाचा वेळ सार्थकी लागला, हे त्याला अशा वृत्तान्तातूनच कळते.

सर्वांत अवघड प्रसंग अपयशाचा. परीक्षेत नापास झालेला, झोप उडालेला विद्यार्थी नेमक्या त्याच वेळी मार्गदर्शकाला टाळतो. वास्तविक तेव्हाच प्रथम जावे. मात्र मार्गदर्शक हा मनोविकारतज्ज्ञ नव्हे. निराशा गडद झाली तर तज्ज्ञांची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून उपलब्ध आहे.

एकच व्यक्ती सर्व शिकवील, ही अपेक्षाही नसावी. हस्तकौशल्य एकाकडून, संशोधनाची दृष्टी दुसऱ्याकडून, तर रुग्णाशी बोलण्याची रीत एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून शिकावी.

ज्येष्ठ सभासदांनाही एक विनंती. परगावी शिकणारी आपली मुले सुटीत घरी येतात, तेव्हा दवाखान्यात त्यांना तासभर शेजारी बसू द्यावे. समिधा शिष्याने आणावयाची, हे खरे. पण अग्नी गुरूने तेवत ठेवलेला असावा लागतो.