मुलूख जिंकणें आणि मुलूख वसविणें

राज्य वाढविण्याचे मार्ग दोन. दुसऱ्याचा भरलेला मुलूख तरवारीनें घ्यावयाचा, किंवा ओसाड मुलखांत माणसें नेऊन तो वसवावयाचा. यांपैकीं फायद्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न एके काळीं राजेरजवाड्यांच्या खलबतखान्यांत निघत असे. आतां तो सोलापुरासारख्या शहरांतील घराघरांत निघूं लागला आहे, आणि त्याचें कारण संगणकावरील खेळ हें होय. मुलें ज्या खेळांत रात्र रात्र रमतात त्यांपैकीं कांहीं खेळ नुसत्या गोळीबाराचे नसून राज्यकारभाराचे असतात. स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सालिस' हा त्यांतला एक नांवाजलेला खेळ; त्याची चौथी आवृत्ति २०१३ सालीं निघाली. खेळाचा आरंभ ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशीं होतो व शेवट १८२१ च्या प्रारंभीं. म्हणजे बहमनी सुलतानांच्या भर अमलापासून पेशवाईच्या अस्तापर्यंतचा दक्षिणेचा सारा इतिहास या मुदतींत बसतो.

या खेळांत जिंकावयाचें तर आधीं युद्धाला कांहींतरी कारण लागतें. फौज व पैसा खर्ची पडतो, आणि जय मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते. घेतलेला प्रांत लगेच आपला होत नाहीं. कारभाराची शक्ति वेंचून तो पचवावा लागतो. पचनशक्तीबाहेर गिळला तर राज्यांत बंडाळी माजते, आणि शेजारचीं राज्यें भयानें एकजूट करून अंगावर येतात. वसाहतीचा मार्ग याहून शांत, पण मंद. वसाहतकार पाठवावा, दरमहा खर्च सोसावा, आणि वस्ती हजारावर जाईपर्यंत धीर धरावा. तरबेज खेळाडूंचा ढोबळ हिशेब असा कीं, शेजारी दुबळा व त्याचा मुलूख संपन्न असेल तर लढावें; समुद्र जवळ असून पलीकडे मोकळी भूमि असेल तर वसवावें.

हिशेब वरवर पाहतां बिनचूक वाटतो. खेळाच्या नकाशावर दख्खन मात्र काठोकाठ भरलेला आहे. तेथें वसाहतीला जागाच ठेवलेली नाहीं. खेळाच्या सोयीसाठीं केलेली ही विभागणी समजण्यासारखी आहे. परंतु प्रत्यक्ष इतिहासांत ती टिकत नाहीं. येथें भरलेला मुलूख आणि ओसाड मुलूख असे दोन कायमचे प्रकार नव्हतेच. फौजांची एक धुमाळी किंवा १६३० ते १६३२ सारखा एक दुष्काळ पडला कीं भरलेला मुलूख ओस पडे. नकाशावर तो कोणाचा तरी असे. जमिनीवर तो कोणाचाच नसे.

सोलापूरचा भुईकोट किल्ला याची साक्ष देईल. बहमनी राज्य फुटल्यावर हा किल्ला विजापूर व अहमदनगर या दोन शाह्यांच्या सरहद्दीवर आला, आणि त्याच्या पायीं दोघांनीं पिढ्यान् पिढ्या लढाया केल्या. १५२४ मध्यें विजापूरच्या इस्माइल आदिलशहाची बहीण मरियम ही बुऱ्हाण निजामशहास दिली, तेव्हां सोलापूर आंदण म्हणून द्यावयाचें ठरलें. तें दिलें गेलें नाहीं, आणि सोयरिकीचें पर्यवसान लढाईत झालें. पुढें सुमारें चाळीस वर्षांनीं अहमदनगरची चांदबिबी अली आदिलशहास दिली, त्या वेळीं तेंच सोलापूर उलट दिशेनें आंदण गेलें. १६६८ च्या तहानें किल्ला मोंगलांकडे गेला, आणि मे १८१८ मध्यें जनरल मन्रोनें तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. निशाणें इतक्या वेळां बदललीं. परंतु निशाण बदलल्यानें विहिरीला पाणी येत नाहीं व पडीक शेतांत जोंधळा उगवत नाहीं. किल्ला घेणाऱ्यास भोंवतालच्या रयतेची गरज पडेच, आणि रयत तर लढाईच्या वाऱ्याबरोबर परागंदा होई.

ही गोष्ट ज्यानें पुरतेपणीं ओळखली त्याचेंच राज्य मूळ धरून राहिलें. शिवाजीमहाराजांचें नांव निघालें कीं गडकोट व लढाया डोळ्यांपुढें येतात; पण त्यांच्या कारभाराचा मोठा भाग वसविण्याचा होता. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल मिळे. प्रारंभीं सारा अगदीं हलका, मग दरसाल थोडा थोडा चढवीत कांहीं वर्षांनीं पुरा. या चढत्या साऱ्यालाच इस्तावा म्हणत. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ सालीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत तर याचा सगळा विधि सांगितला आहे. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याच्या अंगीं शेत करण्याची ताकद आहे पण बैल नाहींत त्यास बैलांसाठीं पैसा द्यावा, पोटासाठीं धान्य द्यावें. आणि वसुली करतांना वाढीदिढी न घेतां नुसतें मुद्दल, तेंहि त्याला झेपेल तसें, हळूहळू घ्यावें. या कामीं दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी चालेल, अशी त्यांत मोकळीक आहे. खेळांतील भाषेंत बोलावयाचें तर, जिंकलेल्या प्रांतावरच वसाहतीचा खर्च केला जात होता. दोन मार्गांची निवड येथें नाहींच. पहिला मार्ग दुसऱ्यावांचून पुरा होत नाहीं, एवढेंच दिसतें.

मराठ्यांच्या पुढील इतिहासांत या नियमाचा कौल दोन्ही बाजूंनीं मिळतो. १७५८ च्या एप्रिलांत मराठी फौजा लाहोरास पोंचल्या व त्यांचे झेंडे अटकेपर्यंत गेले. पराक्रम असामान्य खरा. पण त्या मुलखांत मराठ्यांचा नांगर नव्हता, पेठ नव्हती, सोयरिकहि नव्हती. दुसऱ्याच वर्षीं अब्दालीनें पंजाब परत घेतला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली. आतां याच्याशेजारीं तंजावर ठेवून पाहावें. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनीं तें घेतलें. दक्षिणेंतून कारभारी, शिलेदार, शास्त्री, कीर्तनकार तेथें गेले आणि कावेरीच्या कांठीं घरें करून राहिले. १८५५ सालीं गादी खालसा झाली. तरी बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसल्यांच्या वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालय, आणि घरांत मराठी बोलणारीं कुटुंबें हीं तेथें आजहि आहेत. अटकेहून परत आलेली फौज मागें एक म्हण ठेवून आली. तंजावरास गेलेलीं माणसें तेथें संसार ठेवून आहेत.

वसविण्याचें काम दरबारानेंच केलें पाहिजे असेंहि नाहीं. अहिल्याबाई होळकरांनीं महेश्वरास विणकर आणून बसविले, आणि तेथील लुगडीं अद्याप त्या गांवाचें नांव चालवितात. सोलापुरास मात्र कोणत्याहि राणीचा हुकूम लागला नाहीं. १८६० मध्यें आगगाडी आली, १८७७ मध्यें पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि हातास काम आहे असें ऐकून निजामाच्या राज्यांतील तेलंगणांतून पद्मशाली विणकरांचीं कुटुंबें मागावरची विद्या घेऊन येत राहिलीं. त्यांच्या मागें ना फौज होती, ना सनद. घरांत तेलुगू, बाजारांत मराठी असा त्यांचा प्रपंच शहराच्या पूर्व भागांत रुजला. मोठमोठ्या गिरण्या पुढें बंद पडल्या; पण माग चालत राहिले, आणि २००५ सालीं सोलापुरी चादरीस भौगोलिक चिन्हांकन मिळालें. ज्या गांवासाठीं दोन शाह्या झुंजल्या, त्या गांवाचें नांव जगभर नेलें तें धोट्यानें.

तथापि वसाहतीचा मार्ग म्हणजे केवळ पुण्याचा मार्ग, असें समजणेंहि चुकीचें होईल. नकाशावर जी भूमि मोकळी दिसते ती बहुधा नकाशा काढणाऱ्यालाच मोकळी वाटलेली असते. १४९२ नंतर युरोपियन लोक अमेरिकेंत गेले, तेव्हां तो खंड माणसांनीं वसलेला होता. नव्या रोगांनीं व जुलमानें तेथील लोकांचा संहार झाला, आणि मग भूमि रिकामी म्हणून वांटली गेली. खेळांत हे मूळचे रहिवासी पडद्याच्या कोपऱ्यांतील एका आंकड्यानें दाखवितात. वसाहत शोभते ती दोनच ठिकाणीं: जेथून माणसें खरोखर उठून गेलीं आहेत तेथें, किंवा आधींची माणसें सरकून जागा करून देतात तेथें. सोलापुराची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे.

तेव्हां घरांतील मुलानें 'जिंकूं कीं वसवूं' असें विचारलें तर त्याचा खेळ बंद करण्याचें कारण नाहीं. त्याला इतकेंच सांगावें कीं, प्रांतावर आपला रंग चढला म्हणून थांबूं नको. तेथें पुढच्या पावसाळ्यांत पेरणी कोण करणार, हें आधीं पाहा. आणि सुटीच्या दिवशीं त्याला किल्ल्याचा तट दाखवावा. तेथें पहारा बदलण्याचें काम केव्हांच संपलें आहे. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हां मात्र रस्त्यांत पाय ठेवावयास जागा उरत नाहीं.