शापपट्टिका (प्राचीन ग्रीस व रोम)

शापपट्टिका म्हणजे प्राचीन ग्रीक व रोमन जगात प्रतिस्पर्ध्याला, शत्रूला किंवा चोराला दैवी शक्तीकरवी जखडून टाकण्यासाठी लिहिलेले पातळ, बहुधा शिशाचे पत्रे होत. ग्रीक भाषेत त्यांना 'कातादेस्मोस' (बंधन) म्हणत. सिसिलीतील सेलिनुस येथील पट्टिका सर्वांत जुन्यांपैकी असून त्यांचा आरंभ इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जातो.

टोकदार सळईने मजकूर कोरल्यावर पत्रा दुमडीत, कधी त्यातून खिळा ठोकीत आणि अकाली मेलेल्याच्या थडग्यात, विहिरीत किंवा देवस्थानाच्या झऱ्यात टाकीत. शिसे स्वस्त होते. शिवाय हे शिसे जसे थंड व निरुपयोगी, तसा अमका होवो, अशी धाटणी काही मजकुरांत आढळते. अथेन्समध्ये न्यायालयातील प्रतिपक्षाची जीभ बांधली जाई, तर कार्थेजमध्ये शर्यतीचे घोडे व सारथी.

अभ्यास

रिचर्ड व्ह्युन्श (१८९७) आणि ओग्युस्त ओदोलाँ (१९०४) यांच्या संग्रहांमुळे या अभ्यासाला पाया मिळाला. धर्म देवाची विनवणी करतो, तर जादू आपल्या इच्छेची सक्ती करते, हा जेम्स फ्रेझर यांनी रूढ केलेला भेद त्या काळी प्रमाण मानला जाई. साहजिकच शापपट्टिका जादूच्या खात्यात जमा झाल्या.

इंग्लंडमधील बाथ येथे १९७९-८० मध्ये सुलिस मिनर्व्हा देवीच्या पवित्र झऱ्यातून सुमारे १३० पट्टिका निघाल्या आणि हा भेद डळमळला. त्यांतील एका पट्टिकेत डोसिलियानुस नावाच्या मनुष्याचा टोपीचा झगा चोरीस गेला आहे. चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, तो झगा देवळात आणून देईपर्यंत देवीने त्याला झोप व संतती लाभू देऊ नये, अशी त्याची मागणी आहे. शब्द शापाचे असले तरी भाषा अत्यंत आदराची आहे. हे गाऱ्हाणेच म्हणावे लागेल. हेंड्रिक व्हेर्स्नेल यांनी अशा मजकुरांना 'न्यायासाठी केलेल्या प्रार्थना' असा स्वतंत्र वर्ग दिला. मराठीतील 'करणी' हा शब्दही येथे पुरता लागू पडत नाही, कारण करणी गुपचूप होते आणि तिला न्यायाची सबब लागत नाही.

मोठ्यांच्या इतिहासात न सापडणारी माणसे या पत्र्यांत भेटतात: झगा, हातमोजे वा थोडी नाणी हरवलेली. बाथच्या काही पत्र्यांवर तर अक्षरे नाहीतच, नुसत्या अक्षरांसारख्या रेघोट्या आहेत. बहुधा लिहिता न येणाऱ्याने त्या ओढून पत्रा देवीच्या हवाली केला असावा.