शेत गेले, कडा राहू द्या

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गावठाणांत एक लक्षणीय दृश्य पाहावयास मिळते. वाजंत्री लावून, नऊवारी लुगडी नेसलेल्या स्त्रियांसह एक मिरवणूक चर्चकडे निघालेली असते, आणि तिच्या अग्रभागी नव्या भाताच्या लोंब्या असतात. साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा हा 'आगेरा', म्हणजे सुगीचा सण. लॅटिन भाषेत शेताला 'आगेर' म्हणतात. त्यावरून हे नाव रूढ झाले असे मानले जाते. घरात मराठीचीच एक बोली बोलणारा हा समाज आलेल्या पिकाचा पहिला वाटा स्वतःच्या कणगीत न टाकता देवापुढे ठेवतो.

परंतु आता पीक तरी कोठे राहिले आहे? अंधेरी-मरोळच्या भातखाचरांवर कारखाने आणि वसाहती उभ्या राहिल्या. १९७३ साली तेथे 'सीप्झ' आले. १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आज त्याच्याच आवारात उभे आहेत. शेतच नसेल, तर पहिला वाटा कशाचा द्यावयाचा? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. पगारावर जगणाऱ्या प्रत्येक उपनगरवासीयाचा आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी बायबलमधील एका जुन्या दंडकाकडे वळावे लागेल. शेताची कापणी करताना कडेपर्यंत विळा चालवू नये, आणि खाली पडलेला सरवा मालकाने गोळा करू नये. तो गोरगरिबांचा व परक्यांचा आहे, असा तो दंडक. रूथ नावाची परदेशी विधवा याच आधाराने बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचू लागली. शेताचा मालक बवाज याने आपल्या कापणाऱ्यांना बजावले, की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे गाळीत जा आणि तिला धमकावू नका. पुढे मत्तयाने येशूची वंशावळ दिली, तीत या परक्या स्त्रीचे नाव आवर्जून आले आहे.

या कथेतील औदार्याचे मर्म त्याच्या रीतीत आहे. रूथला हात पसरावा लागला नाही. तिने कष्टाने वेचले आणि मानाने घरी नेले. बवाजनेही दिल्याचा गाजावाजा केला नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, ही येशूची शिकवण याच जातीची आहे. शाळेच्या पंख्यांच्या पात्यांवरही देणगीदारांची नावे रंगविणाऱ्या आपल्या समाजाने तिचा विचार करावयास हरकत नाही.

महाराष्ट्रात या रीतीचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे त्या संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेतली. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या, तेव्हा त्याच जमिनीवर 'मुक्ती' उभी राहिली. त्यांनी शेताची केवळ कड सोडली नाही. सारे शेतच आश्रितांसाठी मोकळे केले.

यावर कोणी म्हणेल, की एवढे मोठे मन आणि एवढी जमीन आम्हा कारकुना-शिक्षकांपाशी कोठून असणार? घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण, आजारपण यांतून उरते काय? आक्षेप खोटा नाही. मात्र मंदिराच्या पेटीत दोन अधेल्या टाकणाऱ्या विधवेकडे बोट दाखविताना येशूने दिलेली रक्कम मोजली नाही, मागे काय उरले ते मोजले. करिंथच्या मंडळीला पौलानेही एवढेच सांगितले, की ज्याने त्याने आपल्या मिळकतीच्या मानाने दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला काढून ठेवावे. उरले तर देऊ, असे म्हणणाऱ्याजवळ सहसा काहीच उरत नाही. सुगीचा पहिला वाटा देण्यामागील शहाणपण हेच आहे.

शिवाय कडा केवळ पैशाच्याच नसतात. घरी काम करणाऱ्या बाईच्या आजारपणाचे दिवस पगारातून न कापणे, ही एक कड. वर्गातील मागे पडलेल्या मुलासाठी शिक्षकाने शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबणे, ही दुसरी. आणि तिसरी तर आपण रोज पाहतो. लोकलमधील बाक तिघांचा असतो. घाटकोपरला किंवा बोरिवलीला गर्दीतून आत आलेला एखादा थकलेला माणूस समोर उभा राहतो, आणि बसलेले तिघे एक शब्द न बोलता थोडे थोडे सरकतात. त्याचे नाव, गाव, धर्म कोणी विचारीत नाही. चौथ्याला मिळते ती बाकाची कडच. पण तेवढ्या कडेवर तो घरापर्यंत पोहोचतो.

आपली शेते गेली. कडा राखणे अद्याप आपल्या हाती आहे.