नगरहून नाट्यशाळेकडे

मुलगी म्हणाली, "नाटकच शिकायचंय," की घरात पहिला प्रश्न पोटापाण्याचा, दुसरा जायचं कुठे याचा. नगरकरांना जवळचं म्हणजे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. माळीवाड्यातून एसटीने साधारण १२० किलोमीटर. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची (स्थापना १९५९) तऱ्हा वेगळी. तिथल्या तीन वर्षांच्या पदविकेला आधी पदवी लागते, शिवाय किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा. म्हणून एकांकिका स्पर्धांची प्रमाणपत्रं जपावीत. आमच्याकडे ती गव्हाच्या कोठीमागे सापडली! प्राथमिक फेरीत स्वगत आणि मुलाखत, त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. घोकलेलं स्वगत परीक्षक कधी मध्येच थांबवतात, "हेच आता कुजबुजत म्हण" सांगतात. तेव्हा गडबडायचं नाही, ऐकायचं. आईबाबांनी बाहेर थांबावं, डबा घेऊन.