पावसाला पुरून उरणारं परडं

महाबळेश्वरच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाचा हिशेब महाडला चुकता करावा लागतो. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपुरातून वाहते, महाडजवळ काळ आणि गांधारी तिला मिळतात आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला भेटते. खाडीत भरती असली की वरून आलेलं पाणी तुंबतं. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी जीव घेतले.

एवढ्या मोठ्या संकटापुढे घरामागच्या चार वाफ्यांचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण अतिवृष्टीत इथे आधी रस्ते बंद होतात. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट आणि महाडहून भोरला जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींसाठी कुप्रसिद्ध आहेत. घाट बंद झाले की घाटावरून येणारी भाजीही अडते. मग ताटात काय पडणार, हे घरामागच्या परड्यात काय उभं आहे त्यावर ठरतं.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचं दुखणं दुहेरी आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. आणि एप्रिल उजाडला की पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघणं सुरू. उतारावरची तांबडी, जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही. मुसळधार पावसात तिच्यातलं सत्त्वही धुऊन जातं. खाली महाडकडे नदीकाठची गाळाची जमीन सुपीक असते, पण तिथे पाणी साचतं. म्हणून डोंगरातल्या घरी दगडांचे छोटे बांध घालून, उताराला आडवे वाफे काढून माती धरून ठेवावी लागते, तर काठावरच्या घरी वीतभर उंचीचे गादीवाफे करून पाणी काढून द्यावं लागतं. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-वांग्याची रोपं दोन-तीन दिवसांत माना टाकतात.

कोकणातल्या बायकांनी यावर काढलेला जुना तोडगा म्हणजे मांडव. रोहिणी किंवा मृगाच्या आसपास आळी करायची, तळाशी शेणखत आणि चुलीतली राख घालायची आणि पडवळ, शिराळी, काकडी, दुधी, कारली यांच्या बिया टोचायच्या. जुलैची झड लागेपर्यंत वेल मांडवावर चढलेला हवा, हे सगळं गणित. एकदा तो डोक्याच्या उंचीवर गेला की खाली चिखल होवो नाहीतर पाणी वाहो, फळ अधांतरी लोंबतं, वारा लागून कोरडं राहतं आणि सडण्यापासून वाचतं. कोवळ्या पडवळाच्या टोकाला दोऱ्याने छोटा दगड बांधलेला अनेक परड्यांत दिसतो. त्या वजनाने पडवळ वेटोळं न होता सरळ वाढतं. राखेचाही उपयोग नेमका आहे: धुऊन गेलेलं पालाश ती परत देते आणि मातीचा आंबटपणाही थोडा कमी करते.

तरीही वेलावर फुलंच फुलं आणि फळ एकही नाही, ही भर पावसातली नेहमीची तक्रार. या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात, आणि संततधारेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत. तेव्हा त्यांचं काम हातांनी करता येतं. मागे इवलंसं फळ असलेलं फूल मादी. नुसत्या देठावरचं ते नर. नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. वेळ मात्र सांभाळावी लागते. लाल भोपळा, काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, शिराळी आणि दुधीची सांजवेळी. दुपारी खटाटोप करून हाती काही लागत नाही.

पाऊस जरा उघडला की फळमाशी हजर होते. ती कोवळ्या काकडीला नि कारल्याला डंख करून सालीखाली अंडी घालते आणि फळ आतून किडतं. किडकं फळ वेलाखाली टाकून दिलं तर अळ्या त्याच मातीत शिरून पुढची पिढी तयार होते. म्हणून अशी फळं रोज वेचून नष्ट करणं आणि गंधाचे सापळे टांगणं, हा औषध फवारण्याआधीचा उपाय. आंब्यावरच्या फळमाशीसाठी वेगळा गंध लागतो आणि वेलवर्गीय भाज्यांसाठी वेगळा, हे सापळा विकत घेताना विचारून घ्यावं.

जिथे वेलही टिकत नाही, तिथे अळू टिकतं. त्याच्या देठांत हवेच्या पोकळ्या असल्याने पाय पाण्यात बुडाले तरी ते तग धरतं. उन्हाळ्यात न्हाणीच्या पाण्यावर जगतं. सुरण, कणगी मातीखाली निवांत वाढतात. मात्र अलीकडे रानडुकरांनी कंदांची आणि वानरांनी फळांची वाट लावल्याने अनेकांनी परड्याचा नादच सोडला, हेही खरं. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची घरं वर्षभर बंद असतात. राखायला माणूस नसेल तर मांडव घालून उपयोग काय?

भाद्रपदात या परड्याचा सण येतो. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचं काही चालत नाही. हाताने पिकवलेलंच लागतं. अळू, सुरण, पडवळ, भेंडी, लाल माठ, शिराळी, मक्याचं कणीस असं जे ज्या परड्यात तयार असेल ते एका पातेल्यात पडतं. झडीच्या दोन-अडीच महिन्यांत काय काय तगलं, याची ती यादीच म्हणायची.

पाऊस गेला की वालाची पाळी. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, ही रायगड जिल्ह्याची जुनी रीत. सोटमूळ खोल जातं, वरून पाणी मिळालं नाही तरी पीक येतं. थंडीत याच वालाच्या कोवळ्या शेंगांनी पोपटीचं मडकं भरतं. वालाला भीती आहे ती ढगाळ हवेची. डिसेंबरात आभाळ भरून आलं की शेंड्यांवर मावा चढतो. सुरुवातीलाच माव्याने भरलेले शेंडे खुडून टाकले तर बाकीचं झाड वाचतं.

हे सगळं वेळापत्रक नक्षत्रांवर बसवलेलं, आणि आता नेमकी वेळच चुकू लागली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तो दिवस ऐन पेरणीच्या तोंडावरचा. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. अशा वर्षी जमीन तापून भाजलेलीही नसते आणि आळीही खणलेली नसतात. उलट २०१९ साली पाऊस ऑक्टोबर उलटला तरी हटेना. भात शेतातच भिजलं की वालाची पेरणीही लांबते. एकाच मुहूर्तावर सगळं बी मातीत घालण्याची सवय या हवामानात महागात पडते. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत पेरलं, तर एक हप्ता पावसाने नेला तरी दुसरा हाती राहतो. शेवग्यासारखं ठिसूळ झाड पावसाआधी छाटून बुटकं ठेवलं तर वाऱ्यात मोडण्याचा धोका कमी होतो.

आणि पूर आलाच तर? पुराचं पाणी नुसतं पावसाचं नसतं. त्यात गटारं, मोऱ्या, गॅरेजमधलं तेल आणि वाटेतलं काय काय मिसळलेलं असतं. त्यात बुडालेली पालेभाजी कितीही धुतली तरी खाऊ नये. ती उपटून टाकावी. मांडवावर, पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेली फळं स्वच्छ धुऊन, शिजवून खाता येतात. गाळ सुकला की त्यावर कडक पापुद्रा धरतो. तो खुरप्याने फोडावा, जुनं शेणखत मिसळावं आणि जमीन वाफशावर आली की माठ, मुळा यांसारख्या महिना-दीड महिन्यात हाती येणाऱ्या भाज्या घ्याव्यात.

पण पुन्हा पेरायचं तर खरी अडचण बियाण्याची होते. पूर्वी शिराळं वेलावरच वाळवून आढ्याला टांगत, वालाचं बी राखेत घोळवून ठेवत. चुलीचा धूर आणि राख दोन्ही किडीला आवरत. आता चूल गेली आणि बी दुकानातून आणलेल्या पाकिटात आलं. पाकिटातलं बी संकरित असेल तर पुढच्या वर्षी त्याचं बी धरून तसंच पीक येत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती घरच्या घरी गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठीच. कोकणापुरतं बोलायचं तर १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने इथल्या पावसाळी हवेत येणारे वाण दिले आहेत: पडवळाचा ‘कोकण श्वेता’, शिराळ्याचा ‘कोकण हरिता’, कारल्याचा ‘कोकण तारा’, चवळीचा ‘कोकण सदाबहार’. हे वाण संकरित नाहीत. मात्र वेलभाज्यांचं बी धरायचं तर त्याच भाजीचा दुसरा वाण शेजारी लावू नये.

महाड-पोलादपुरात ज्यांच्या घरामागे हातभर जागा आहे, त्यांनी मे महिन्यातच हे बी मिळवावं. दापोली विद्यापीठात किंवा रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. आणलेलं सगळं पहिल्या सरीला पेरू नये. निम्मं बी कोरड्या बरणीत, झाकण घट्ट लावून, घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवावं.